शिकागोत तेहेतीस टक्केवाला हरला आणि एकवीस टक्केवाला महापौर झाला, ते कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा भाचा शिकागोत असतो. नागरिक झाल्यावर २०२३ मध्ये त्याने महापौरासाठी पहिल्यांदा मत दिलं, ते चुई गार्सिया यांना. गार्सिया पहिल्याच फेरीत बाद झाले, म्हणून दुसऱ्या फेरीला भाचा गेलाच नाही. पहिल्या फेरीत पॉल व्हॅलस यांना जवळजवळ ३३ टक्के मतं होती आणि ब्रँडन जॉन्सन यांना साडेएकवीसच्या आसपास. शेवटी महापौर झाले जॉन्सन. तुम्ही विचारता की अकरा टक्क्यांनी पुढे असलेला माणूस पाच आठवड्यांत हरत असेल, तर लोकांचा खरा कौल फेब्रुवारीचा मानायचा की एप्रिलचा? आणि आपल्याकडे नगराध्यक्ष थेट निवडला जातो तिथे ही पद्धत आणावी का?

मी शिकागोत गेली बारा वर्षं मतदान केंद्रावर काम करतो. इथे त्याला 'इलेक्शन जज' म्हणतात. नावात जज असलं तरी कोर्टाशी संबंध नाही, आपल्याकडच्या मतदान अधिकाऱ्याचंच हे काम. २०१५, २०१९ आणि २०२३ या तिन्ही महापौर निवडणुकांच्या दोन्ही फेऱ्यांना मी केंद्रावर होतो. मी स्वतः कुणाला मत दिलं हे सांगणार नाही, आणि उत्तरासाठी त्याची गरजही नाही.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आधी ती बाजूला काढू. रणजी सामन्यात पहिल्या डावाची आघाडी असते तशी व्हॅलस यांच्याकडे अकरा टक्क्यांची आघाडी होती आणि दुसऱ्या डावात त्यांनी ती घालवली, असं तुम्ही धरून चालला आहात. इथे आघाडी पुढे नेताच येत नाही. दुसऱ्या फेरीच्या दिवशी सकाळी सहाला केंद्र उघडतं तेव्हा दोघांच्याही नावावर शून्य मतं असतात. फेब्रुवारीचं मतदान फक्त एवढंच ठरवतं की एप्रिलच्या मतपत्रिकेवर कोणती दोन नावं छापायची. म्हणजे खरा प्रश्न 'आघाडी कुठे गेली' हा नाही. नऊ जणांच्या बहुरंगी लढतीत मिळालेलं मत आणि दोघांच्या सरळ लढतीत मिळालेलं मत ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत का, हा आहे. माझ्या मते आहेत, आणि तिन्ही निवडणुका जवळून पाहिल्यावर माझं हे मत पक्कं झालं आहे.

नियम साधा आहे. महापौराच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं, चिन्हही नसतं. फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी पहिली फेरी होते. कुणालाही निम्म्याहून जास्त मतं पडली तर निकाल तिथेच लागला. नाही पडली तर पहिले दोघे एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी समोरासमोर उभे राहतात. २०२३ मध्ये या तारखा २८ फेब्रुवारी आणि ४ एप्रिल होत्या, मध्ये बरोबर पस्तीस दिवस.

आता आकडे बघू. पहिल्या फेरीत व्हॅलस यांना साधारण १ लाख ८६ हजार मतं पडली आणि जॉन्सन यांना १ लाख २२ हजार. विद्यमान महापौर लोरी लाइटफूट १६.८ टक्क्यांवर तिसऱ्या, गार्सिया १३.७ टक्क्यांवर चौथे, विली विल्सन नऊ टक्क्यांच्या आसपास पाचवे. व्हॅलस आणि जॉन्सन सोडून उरलेल्या सात जणांनी मिळून २ लाख ५७ हजारांच्या आसपास मतं घेतली होती. दुसऱ्या फेरीत एकूण मतदानही वाढलं, सुमारे ४८ हजारांनी. सोयीसाठी असं धरा की दोघांचे आपापले मतदार आपल्याच ठिकाणी राहिले. तरी ३ लाख ५ हजारांच्या आसपास मतं मोकळी होती, म्हणजे ज्यांचा उमेदवार बाद झाला ती आणि जे पहिल्यांदा आलेच नव्हते ती.

या मोकळ्या मतांपैकी व्हॅलस यांना जिंकायला शंभरातली चाळीस हवी होती. जॉन्सन यांना शंभरातली साठ. प्रत्यक्षात व्हॅलस यांना पस्तीस मिळाली, जॉन्सन यांना पासष्ट. निकाल लागला ५२.२ विरुद्ध ४७.८, फरक साधारण २६ हजार मतांचा. फेब्रुवारीच्या रात्री अकरा टक्के मोठे वाटत होते. पण माझ्यासारखा माणूस त्या रात्री आघाडी बघत नाही. मोकळी मतं किती आणि ती कोणत्या वॉर्डात पडली आहेत, हे बघतो.

एक खबरदारी घ्यायला हवी. हे निव्वळ आकडे आहेत. आत बरीच ये-जा झालेली असते. तुमच्या भाच्यासारखे काही जण पहिल्यांदा आले आणि दुसऱ्यांदा आले नाहीत, काही जण फक्त एप्रिलमध्ये आले. तरुण मतदारांचं प्रमाण दुसऱ्या फेरीत वाढलं होतं. गुप्त मतदानात कोण कुठून कुठे गेलं हे कुणालाच मतामतागणिक सांगता येत नाही. पण वॉर्डांचा नकाशा बरंच बोलतो.

फेब्रुवारीत शहराचे ढोबळ चार तुकडे पडले होते. शहराचा मध्यभाग, वायव्य आणि नैर्ऋत्य टोकं, जिथे पोलीस, अग्निशमन दलाचे लोक आणि इतर शहर कर्मचारी मोठ्या संख्येने राहतात, ते व्हॅलस यांच्याकडे. उत्तरेकडचा तळ्याकाठचा पट्टा आणि लोगन स्क्वेअरसारखे तरुण भाडेकरूंचे भाग जॉन्सन यांच्याकडे. दक्षिण आणि पश्चिम भागातले कृष्णवर्णीय वॉर्ड लाइटफूट यांच्याकडे, तिथे विल्सन यांनाही चांगली मतं होती. लॅटिनो वस्तीचा काही भाग गार्सिया यांच्याकडे. एप्रिलमध्ये यातला तिसरा तुकडा, दक्षिण आणि पश्चिम भाग, मोठ्या बहुमताने जॉन्सन यांच्याकडे गेला. निवडणूक तिथे ठरली.

तो का गेला, यावर इथे अजून वाद होतात. मला जे दिसलं ते सांगतो. व्हॅलस यांचा प्रचार एका मुद्द्यावर उभा होता: गुन्हेगारी आणि पोलीस. पोलिसांची संघटना त्यांच्या पाठीशी होती. नऊ उमेदवारांत ते एकटेच गोरे होते, आणि कायदा-सुव्यवस्थेला सर्वांत वर ठेवणाऱ्या मतदाराला त्यांच्याइतका जवळचा दुसरा कुणी नव्हता. त्यामुळे जे त्यांच्याकडे येण्यासारखे होते त्यातले बहुतेक फेब्रुवारीतच आले होते. त्यांची वाटी भरलेली होती. दुसऱ्या बाजूला बाकीचे मतदार लाइटफूट, जॉन्सन, गार्सिया, विल्सन आणि आणखी चार जणांत विभागले गेले होते. आपल्याकडे ज्याला मतविभागणी म्हणतात ती फेब्रुवारीत व्हॅलस यांच्या पथ्यावर पडली होती, आणि एप्रिलमध्ये ती संपली. त्यातच व्हॅलस यांची २००९ सालची एक मुलाखत बाहेर आली. स्वतःला डेमोक्रॅटपेक्षा रिपब्लिकन मानतो अशा अर्थाचं ते त्यात बोलले होते. डेमोक्रॅटांच्या या शहरात ती त्यांना जड गेली. जॉन्सन यांनाही पोलिसांच्या निधीबाबतची त्यांची जुनी विधानं अडचणीची होतीच. शिक्षक संघटनेचे ते कार्यकर्ते, तिचा पैसा आणि माणसं त्यांच्यामागे होती, आणि हीच गोष्ट काही मतदारांना खटकतही होती. दोघांपैकी कुणीच सर्वांचा लाडका नव्हता.

पाठिंब्याच्या घोषणांबद्दल लोक फार बोलतात, म्हणून तेही. विल्सन यांनी व्हॅलस यांना पाठिंबा दिला. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयचे अनेक वर्षं सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्य पातळीवरचं एक निवडून येणारं पद) राहिलेले जेसी व्हाइट यांनीही. दोघेही कृष्णवर्णीय, दोघांनाही त्या वस्त्यांत मान. गार्सिया आणि नागरी हक्क चळवळीतले नेते जेसी जॅक्सन यांनी जॉन्सन यांना पाठिंबा दिला. लाइटफूट यांनी कुणालाच दिला नाही. गठ्ठा मतदान नेत्याच्या शब्दावर वळतं असा आपल्याकडे समज आहे. विल्सन यांना जिथे चांगली मतं पडली होती तिथल्या वॉर्डांनी त्यांचा शब्द मानला नाही, हे आकड्यांत स्वच्छ दिसतं. उमेदवार बाद झाला की त्याचे मतदार त्याच्या मालकीचे राहत नाहीत.

आता केंद्रावरचा एक प्रसंग सांगतो. यातून दोन फेऱ्यांतला फरक मला आकड्यांपेक्षा जास्त कळला. आमचं केंद्र एका बागेच्या इमारतीतल्या व्यायामशाळेत असतं. फेब्रुवारीत मतपत्रिका लांबलचक होती. महापौरासाठी नऊ नावं, मग क्लार्क, खजिनदार, आमच्या वॉर्डाचा नगरसेवक, शिवाय त्या वर्षी पहिल्यांदाच निवडल्या जाणाऱ्या पोलीस जिल्हा परिषदांचे (म्हणजे एकेका पोलीस विभागासाठीच्या नागरिकांच्या समित्यांचे) सदस्य. एप्रिलमध्ये आमच्या प्रिसिंक्टच्या (केंद्राच्या हद्दीच्या) मतपत्रिकेवर एकच लढत होती आणि दोन नावं. दुपारी सत्तरीचे एक गृहस्थ आले. फेब्रुवारीतही आले होते, मला त्यांची टोपी आठवत होती. मी मतपत्रिका हातात दिली, त्यांनी ती उलटी करून पाहिली. मागची बाजू कोरी. "बाकीचे कुठे गेले?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं की या वेळी हे दोघेच आहेत. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. मतदानाच्या कप्प्यापाशी गेले आणि उभेच राहिले. बाहेर पाऊस होता, कप्प्याखालून त्यांचे ओले बूट तेवढे दिसत होते. दोन नावांतलं एक निवडायला त्यांना सहा-सात मिनिटं लागली. फेब्रुवारीची ती मोठी मतपत्रिका त्यांनी याहून लवकर भरली होती. मग त्यांनी ती यंत्रात घातली, आकडा एकाने पुढे सरकला, आणि ते निघून गेले.

त्यांनी कुणाला मत दिलं ते मला कळलं नाही, कळायलाही नको. पण तेवढ्या वेळात त्यांना जे करावं लागलं ते पहिल्या फेरीत करावं लागलं नव्हतं. पहिल्या फेरीत आपल्याला आवडणारा माणूस मतदार डोक्यात ठरवून येतो. दुसऱ्या फेरीत त्याला समोरच्या दोघांना तोलावं लागतं: पुढची चार वर्षं यांच्यापैकी कुणाबरोबर काढता येतील? फेब्रुवारीच्या रात्री यंत्रातून निघालेली निकालाची पट्टी टेबलावरून खाली लोंबत होती. एप्रिलची हातभरही नव्हती. दोन्हींवर आम्ही सगळ्या जजांनी सह्या केल्या, डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन दोन्ही बाजूंच्या. दोन्ही खऱ्याच होत्या.

म्हणून 'खरा कौल कोणता' याला माझं उत्तर: महापौर कोण, याचा कौल एप्रिलचा. पण शहराला नेमकं काय हवं आहे याचा जास्त प्रामाणिक नकाशा फेब्रुवारीचा. निवडून आलेल्याने एप्रिलचा कौल बघून फेब्रुवारीचा नकाशा विसरू नये. ते विसरल्यावर काय होतं याचं उदाहरण लाइटफूट यांचंच आहे.

२०१९ मध्ये चौदा उमेदवार होते. लाइटफूट पहिल्या आल्या त्या फक्त साडेसतरा टक्क्यांवर. दुसऱ्या टोनी प्रेकविंकल, सोळा टक्के. तिसरे बिल डेली, पावणेपंधरा टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या फेरीत लाइटफूट यांनी जवळजवळ ७४ टक्के मतं घेतली आणि शहराचे पन्नासच्या पन्नास वॉर्ड जिंकले. एवढं बहुमत पाहून कुणालाही वाटावं की सगळं शहर यांच्यामागे आहे. चार वर्षांनी त्या पुन्हा उभ्या राहिल्या तेव्हा पहिल्या फेरीत त्यांना १६.८ टक्के मिळाले. २०१९ च्या पहिल्या फेरीतला आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवून बघा, फरक एक टक्काही नाही. त्यांचे स्वतःचे म्हणावेत असे मतदार तेवढेच होते आणि तेवढेच राहिले. मधले ७४ टक्के उसने होते: कुणी प्रेकविंकल नकोत म्हणून दिलेले, कुणी जुन्या पक्षयंत्रणेला धडा म्हणून. शिकागोत विद्यमान महापौराचा फेरनिवडणुकीत पराभव होणं हे चाळीस वर्षांत पहिल्यांदा घडलं. याआधी १९८३ मध्ये जेन बर्न हरल्या होत्या.

या पद्धतीत मला खरी भीती वाटते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकांमधल्या रेषेची. लोक पहिल्या-दुसऱ्यातल्या फरकाबद्दल बोलतात, पण तो एप्रिलमध्ये पुन्हा मोजला जातो. दुसरा आणि तिसरा यांच्यातला फरक कायमचा असतो. २०१९ मध्ये प्रेकविंकल आणि डेली यांच्यात सव्वा टक्क्याचंच अंतर होतं. चौदा नावांपैकी एखादं मागे घेतलं गेलं असतं तर दुसरी फेरी कदाचित वेगळ्याच दोघांत झाली असती. ब्राझीलमधल्या साओ पाउलोत २०२४ ला याहून तंग अवस्था झाली. रिकार्दो नुनेस २९.५ टक्के, गिल्येर्मे बोलोस २९.१ आणि पाब्लो मार्सल २८.१. तिघेही जवळजवळ सारखे, आणि बोलोस आणि मार्सल यांच्यात ५७ हजारांच्या आसपास मतं, तीही एक कोटीहून जास्त वस्तीच्या शहरात. दुसऱ्या फेरीत नुनेस ५९ टक्क्यांनी आरामात जिंकले. पण मार्सल त्या रेषेच्या या बाजूला आले असते तर लढत कशी झाली असती, याचं उत्तर त्या ५९ टक्क्यांत नाही. मतविभागणीचा त्रास रनऑफने, म्हणजे या दुसऱ्या फेरीने, संपत नाही. पहिल्या क्रमांकावरून तो दुसऱ्या क्रमांकावर सरकतो. तिथे तो कमी वेळा आणि कमी नुकसान करतो असं मला वाटतं, पण करतो.

पुढे असलेला नेहमीच हरतो असा ग्रह मात्र करून घेऊ नका. बऱ्याचदा तोच जिंकतो. शिकागोतच २०१५ मध्ये राम इमॅन्युएल पहिल्या फेरीत ४५.६ टक्क्यांवर होते, गार्सिया ३३.५ टक्क्यांवर. दुसऱ्या फेरीत इमॅन्युएल ५६ टक्क्यांच्या आसपास जाऊन निवडून आले. ह्यूस्टनमध्ये २०२३ च्या डिसेंबरात जॉन व्हिटमायर पहिल्या फेरीतल्या साडेबेचाळीस टक्क्यांवरून थेट ६४ टक्क्यांवर गेले. चाळिशी ओलांडलेला उमेदवार विजयापासून दोन पावलांवर असतो. पस्तिशीच्या खाली असेल तर मी कुणालाच विजेता धरत नाही. हा माझा ठोकताळा आहे, नियम नाही. मतदान दुसऱ्या फेरीत वाढतं की घटतं हेही ठरलेलं नसतं. इथे २०१५ ला वाढलं, २०१९ ला थोडं घटलं, २०२३ ला पुन्हा वाढलं. लढत चुरशीची वाटली की लोक येतात.

ही पद्धत शिकागोत आली कशी तेही थोडक्यात सांगायला हवं, कारण ती आकाशातून पडलेली नाही. १९८३ च्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, तिरंगी लढत झाली. हॅरॉल्ड वॉशिंग्टन ३६ टक्के, जेन बर्न ३४ च्या आसपास, रिचर्ड एम. डेली ३० च्या आसपास. तेव्हा दुसरी फेरी नव्हती, त्यामुळे वॉशिंग्टन उमेदवार ठरले आणि पुढे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. एरवी डेमोक्रॅट उमेदवार ज्या शहरात सहज निवडून येतो तिथे त्यांना सार्वत्रिक निवडणुकीत ५२ टक्क्यांच्या आतच मतं पडली. निम्म्याहून जास्तीची अट त्या प्राथमिक फेरीला असती तर गोऱ्या मतदारांची मतं एकत्र येऊन ते हरले असते, असं इथे बरेच जण मानतात. राज्य विधिमंडळाने १९९५ मध्ये पक्षविरहित निवडणूक आणि रनऑफचा कायदा केला, पहिली निवडणूक तशी १९९९ ला झाली. अनेक कृष्णवर्णीय नेत्यांनी त्या कायद्याकडे संशयाने पाहिलं, आणि तो संशय निराधार होता असं मी म्हणणार नाही. पुढे मात्र २०१९ ला अंतिम फेरीत दोन कृष्णवर्णीय स्त्रिया समोरासमोर आल्या आणि २०२३ ला याच नियमाने जॉन्सन, तेही कृष्णवर्णीय, निवडून आले. निवडणुकीची पद्धत कुणाला लाभेल हे ती आणणाऱ्यालाही वीस वर्षांपुढचं सांगता येत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आपल्याकडचा. महाराष्ट्रात महानगरपालिकेचा महापौर नगरसेवक निवडतात, अडीच वर्षांसाठी. तिथे रनऑफचा प्रश्नच येत नाही, बहुमताचं गणित सभागृहातच सुटतं. प्रश्न येतो तो नगरपरिषदांच्या थेट नगराध्यक्षाचा. २०१६ ला थेट निवड आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. तिथे सर्वांत जास्त मतं ज्याला तो निवडून येतो, मग ती शंभरातली तीस का असेनात. पाच-सहा तगडे उमेदवार आणि दोन बंडखोर असले की असं होतंच. तुमची तळमळ मला पटते. एका माणसाच्या हाती शहर द्यायचं तर निम्म्या लोकांनी त्याला निदान चालेल तरी म्हटलेलं असावं.

तरीही दुसऱ्या फेरीला मी लगेच हो म्हणणार नाही. माझे वडील सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि निवडणुकीची ड्यूटी त्यांना कधी चुकली नाही. आदल्या दिवशी तहसील कचेरीच्या आवारात साहित्यवाटप, मग पेट्या घेऊन एस.टी.ने गावाला, रात्र शाळेच्या वर्गात बाकं जोडून. मी लहान होतो, पण परत आल्यावर शाईने काळं झालेलं त्यांचं बोट मला अजून दिसतं. शिकागोत दुसऱ्या फेरीसाठी आम्ही स्वेच्छेने नावं दिलेली माणसं मानधन घेऊन पुन्हा येतो. आपल्याकडे तेच शिक्षक, तोच पोलीस बंदोबस्त पाच आठवड्यांत पुन्हा लावावा लागेल, आणि तेवढे दिवस आचारसंहिता लांबेल. नवी कामं, निविदा, मंजुऱ्या अडकून पडतील. शिकागोत आचारसंहितेसारखं काही नाही, म्हणून इथे ही अडचण कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात बाद झालेल्या उमेदवाराशी वाटाघाटी होणार हेही उघड आहे. छोट्या गावात त्या पाठिंब्यापुरत्या थांबतील असं मला वाटत नाही.

एकाच दिवसात हेच काम करणारी पद्धत आपल्याला परकी नाही. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत तुम्ही जांभळ्या स्केचपेनने नावांपुढे १, २, ३ लिहिता, तीच. 'दुसऱ्या पसंतीची मतं' हा शब्द महाराष्ट्रात चहाच्या टपरीवरही कळतो. राष्ट्रपतिपदासाठीही ती आहे, आणि १९६९ ची निवडणूक या दृष्टीने फार बोलकी आहे. पहिल्या पसंतीच्या मोजणीत व्ही. व्ही. गिरी ४ लाख १ हजारांवर, नीलम संजीव रेड्डी ३ लाख १३ हजारांवर, आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख १ लाख १२ हजारांवर. बहुमत कुणालाच नव्हतं. दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर गिरी जिंकले, पण ८८ हजारांची त्यांची आघाडी पंधरा हजारांच्या आत आली, कारण देशमुखांच्या मतदारांनी दुसरी पसंती मोठ्या प्रमाणात रेड्डींना दिली होती. व्हॅलस-जॉन्सन निकालात जे घडलं त्याचीच ही जात. फरक इतकाच की गिरींची आघाडी मोठी होती म्हणून टिकली.

अडचण ही की पदवीधरांच्या निवडणुकीतही दर वेळी हजारोंनी मतं बाद होतात: कुणी आकड्याऐवजी टिकमार्क करतो, कुणी दोघांपुढे १ लिहितो. शिवाय आपली मतदान यंत्रं एका बटणाची आहेत, पसंतीक्रमासाठी कागदाकडे परतावं लागेल. लंडनच्या महापौरासाठी २००० ते २०२१ पर्यंत यावर सोपा तोडगा होता: मतपत्रिकेवर दोनच रकाने, पहिली पसंती आणि दुसरी पसंती, प्रत्येकात एक खूण. कुणालाच निम्मी मतं नसली तर पहिले दोघे सोडून बाकीच्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी खूण मोजायची. २०२२ च्या कायद्याने ब्रिटनने ती पद्धत सोडली आणि २०२४ ला लंडन 'सर्वांत जास्त मतं तो विजयी' यावर परत आलं. माझ्या मते ती चूक झाली. नगरपरिषदेसाठी मला काही सुचवायचं झालंच तर हे दोन रकाने सुचवेन. दुसरी फेरी नाही, वाढीव आचारसंहिता नाही, आणि समजावून सांगायला पाच मिनिटं पुरतात. हे वीस-तीस हजार मतदारांच्या गावाबद्दल म्हणतो आहे. मोठ्या महानगरात कधी थेट महापौर आलाच तर तिथे खरी दुसरी फेरी घेण्यात अर्थ आहे, कारण त्या पाच आठवड्यांत दोन उमेदवारांना सलग ऐकायला मिळतं. ही संधी दोन रकान्यांत मिळत नाही. त्या टोपीवाल्या गृहस्थांना फेब्रुवारीत दुसरी पसंती विचारली असती तर त्यांनी तीच दिली असती का, मला सांगता येणार नाही.

भाच्याबद्दल. त्याचं फेब्रुवारीचं मत वाया गेलं असं त्याला वाटत असेल तर ते मी समजू शकतो. पण त्या मताने त्याने गार्सिया यांना पाठिंबा दिला होता, तो मोजला गेला. न दिलेलं एप्रिलचं मत मात्र कुठेच मोजलं गेलं नाही, आणि ज्या ३ लाख मोकळ्या मतांवर हा निकाल उभा राहिला त्यात त्याच्यासारखेच लोक होते. पुढची पहिली फेरी २३ फेब्रुवारी २०२७ ला आहे आणि गरज पडली तर दुसरी ६ एप्रिल २०२७ ला. दोन्ही तारखा त्याला आत्ताच लिहून ठेवायला सांगा. केंद्रं सकाळी सहा ते संध्याकाळी सात उघडी असतात, मतपत्रिका हिंदीतही मिळते, आणि पत्ता बदलला असेल तर त्याच दिवशी नोंदणी करून मत देता येतं. त्याला आवड असेल तर जज म्हणून नाव द्यायलाही सांगा. आम्हाला माणसं नेहमी कमी पडतात. पहाटे पाचला हजर राहावं लागतं, प्रशिक्षण निवडणूक मंडळच देतं.